जुना ऑईल पंप ठेवावा की बदलावा?

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे लातूरला जाताना रस्त्याच्या कडेच्या एखाद्या गॅरेजात आपण थांबलो आहोत असे समजा. पेरणी तोंडावर आली आहे आणि एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचे इंजिन पूर्ण खोलले आहे. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग सारे नवे आणले असून पैसे संपत आले आहेत. इतक्यात मिस्त्री विचारतो, "मामा, ऑईल पंप थोडा झिजलाय. बदलायचा का हाच बसवायचा?" या प्रश्नाचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे.

अनेक ऑईल पंपांत एकमेकांत अडकून फिरणारी दोन दंतचक्रे असतात. तेल त्यांच्या मधून जाते असे अनेकांना वाटते. वस्तुतः ते दाते आणि पंपाची बाहेरची भिंत यांमधील खाचांतून, कडेकडेने वाहून नेले जाते. पंप फक्त प्रवाह निर्माण करतो. दाब निर्माण होतो तो त्या प्रवाहाला पुढे होणाऱ्या अडथळ्यामुळे. बागेला पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा धरला की दाब वाढतो, तसेच हे आहे.

मग हे तेल करते काय? १८८३ साली बोशां टॉवर हे इंग्रज अभियंते रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. बेअरिंगच्या माथ्यावर पाडलेल्या छिद्रातून तेल वर येऊ लागले, म्हणून त्यांनी तेथे लाकडी बूच ठोकले. तेही तेलाने बाहेर ढकलले! फिरणारा आस तेलाच्या पातळ थरावर तरंगतो आणि त्या थरात स्वतःचा मोठा दाब असतो, हे यातून कळले. त्याचे गणित ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली मांडले. इंजिनातील क्रँकशाफ्टही असाच तरंगतो. त्या थराला अखंड तेल पुरवणे हे पंपाचे काम. पुरवठा तुटला तर धातू धातूवर घासतो आणि नवे बेअरिंगही थोड्याच वेळात खराब होते.

आता झिजेचा विचार करू. दंतचक्रे व झाकण यांत थोडी फट असतेच. तिच्यातून काही तेल मागे गळते. ही गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ०.०५ मिलिमीटरची फट ०.१० झाली, तर दाब व तेल तेच असता गळती दुप्पट नव्हे, आठपट होते! शिवाय इंजिनाचे नेहमीचे तेल ४० अंश सेल्सिअसला असते त्यापेक्षा १०० अंशांना सुमारे सातपट पातळ होते. म्हणून झिजलेला पंप सकाळी थंड इंजिनात ठणठणीत वाटतो. पण दुपारी नांगरट करून इंजिन संथ गतीवर आणले की दाबमापकाचा काटा खाली येतो.

परंतु बेअरिंग झिजले तरी अडथळा कमी होऊन काटा खालीच येतो. तेव्हा केवळ काट्यावरून पंपाला दोष देऊ नये. पंप खोलून मोजावा. दंतचक्रांवर पोलादी पट्टी आडवी ठेवून फिलर गेजने फट मोजावी, दाते व भिंत यांमधील फटही मोजावी आणि उत्पादकाच्या पुस्तकातील मर्यादेशी ताडून पाहावी. केवळ झाकणावर उथळ चरे असतील तर ते घासून सपाट करता येते. मात्र भिंत किंवा दाते खरवडले असतील, अथवा पंपाचा दांडा हलत असेल, तर पंप बदलावा.

आणखी एक गोष्ट. पंप गाळणीच्या आधी असतो. त्याच्यापूर्वी असते ती केवळ जाड जाळी. म्हणून जुने बेअरिंग तुटून त्याचा चुरा तेलात गेला असेल, तर तो आधी पंपातून गेलेला असतो. अशा वेळी नवा पंपच बसवावा.

पंपाची किंमत साऱ्या दुरुस्तीच्या मानाने थोडी असते. तो फसला तर मात्र सारी दुरुस्ती आणि पेरणीचे दिवस दोन्ही जातात. म्हणून माप मर्यादेत असेल तर जुना ठेवावा, मर्यादेच्या काठावर असेल तर बदलावा. पंप जुना असो वा नवा, बसवण्यापूर्वी तो तेलाने भरावा, कारण कोरडा पंप तेल नीट ओढत नाही.

जवळच्या गॅरेजात एखादा टाकाऊ पंप मागून पाहा. त्यात तेल ओतून दांडा बोटांनी फिरवा आणि तेल कोणत्या वाटेने जाते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.