बाणाचे फळ

माझा पुतण्या पेनसिल्व्हेनियात असतो. तिथे दर ऑक्टोबरमध्ये धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्याचा कायदेशीर हंगाम असतो आणि तोही परवाना काढून जातो. यंदा गणपतीला साताऱ्याला आला, तेव्हा रात्री ओसरीवर म्हणाला, "काका, गेल्या वर्षी माझा बाण एका हरणाला लागला. दोन दिवस रान धुंडाळलं, पण ते सापडलंच नाही." मग त्याने एक डबी उघडली. तीत बाणाच्या टोकाला बसवायची स्थिर पात्यांची तीन अग्रे होती. "तुम्ही जुने ग्रंथ वाचता. यातलं कुठलं घेऊ?"

मी संस्कृत शिकवण्यात आयुष्य घालवले. धनुष्य कधी हाती धरले नाही. तरीही प्रश्न टाळता येईना.

बाणाच्या अग्राला संस्कृतात 'फल' म्हणतात. शार्ङ्गधरपद्धतीत आणि धनुर्वेदाच्या ग्रंथांत फळांचे दहा प्रकार नावानिशी येतात : आरामुख, क्षुरप्र, गोपुच्छ, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत, द्विभल्ल, कर्णिक आणि काकतुंड. देशोदेशी आणखीही रूपे असतात, अशी पुस्तीही तिथे जोडलेली आहे. नुसती यादी देऊन ग्रंथकार थांबत नाही, कोणते फळ कशासाठी हेही सांगतो. सुईच्या तोंडाचे सूचीमुख चिलखतासाठी, रुंद पात्याचे भल्ल हृदयासाठी, तर गोपुच्छ नुसत्या लक्ष्यासाठी. म्हणजे आधी काय भेदायचे ते ठरवायचे आणि मग फळ निवडायचे.

दुसऱ्या दिवशी पुतण्याला तिरंदाजीच्या मैदानावर घेऊन गेलो. आता सातारा हे तिरंदाजांचे गाव झाले आहे. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला. ऑगस्ट २०२३मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि साताऱ्यातच सराव करणारा नागपूरचा ओजस देवतळे हे एकाच दिवशी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक विश्वविजेते झाले. मैदानावरच्या एका मुलीने आपला बाण दाखवला. टोक गुळगुळीत, गोलसर. पन्नास मीटरवरच्या ८० सेंटिमीटर व्यासाच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम आठ सेंटिमीटरचे असते. तिथे बाण सरळ जायला हवा आणि सहज उपटून काढता यायला हवा. पुतण्याची पाती पाहून ती म्हणाली, "दादा, हे इथं नको हं, टार्गेट फाटेल." गोपुच्छ आणि भल्ल यांतला फरक तिने एका वाक्यात सांगितला.

शिकारीच्या फळाचे काम वेगळे. बंदुकीची गोळी आघाताने मारते. बाण कापून, रक्तस्रावाने मारतो. म्हणून पहिली कसोटी धारेची. धार बोथट असेल तर रक्तवाहिनी न कापता बाजूला सरकते, आणि जखमी जनावर दूर निघून जाते. दुसरी कसोटी रुंदीची. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत पात्याची किमान रुंदी ७/८ इंच, म्हणजे साधारण २२ मिलिमीटर, असावी लागते. दोन पात्यांच्या फळाला अडथळा कमी, ते खोल जाते; कमी ताकदीच्या धनुष्याला तेच बरे. तीन किंवा चार पात्यांची जखम मोठी होते, रक्ताचा माग ठळक राहतो, पण त्यासाठी ताकद जास्त लागते. आदळल्यावर उघडणारी पातीही मिळतात. ती हवेतून सरळ जातात, मात्र उघडण्यात थोडी ताकद खर्च होते आणि सांधा बिघडू शकतो. स्थिर पात्यात बिघडण्यासारखे काही नाही. त्याची अडचण दुसरीच : पुढची रुंद पाती वारा धरतात, त्यामुळे धनुष्य नीट जुळवलेले नसेल तर बाण भरकटतो.

याची परीक्षा सोपी आहे. शंभर ग्रेनचे, म्हणजे साडेसहा ग्रॅमचे, अर्ध्या तोळ्याहून थोडे जड असे सरावाचे गोल टोक आणि तेवढ्याच वजनाचे पाते एकाच अंतरावरून सोडायचे. दोन्ही एका जागी लागले नाहीत, तर आधी धनुष्य जुळवायचे.

यादीतले कर्णिक मात्र बाजूला ठेवावे. त्याला मागे वळलेले काटे असतात. आत शिरते, बाहेर येत नाही. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात काटेरी, विषारी आणि पेटते बाण युद्धातसुद्धा निषिद्ध ठरवले आहेत. आज अमेरिकेतही अनेक राज्यांत शिकारीसाठी काटेरी फळाला बंदी आहे. शरीरात रुतून राहिलेले ते शल्य. ते आल्या वाटेने ओढून काढायचे की पुढे ढकलून, याचा विचार सुश्रुताने केला आहे. शस्त्रक्रियेला आपण अजूनही शल्यक्रिया म्हणतो. मनात राहिलेल्या सलालाही शल्यच म्हणतो.

पुतण्याचे शल्य मला दिसत होते. तिसऱ्या दिवशी त्याला सांगली जिल्ह्यात, देवराष्ट्रेजवळच्या सागरेश्वरला नेले. धोंडिराम मोहिते यांच्या ध्यासातून उजाड डोंगरावर हे रान उभे राहिले. १९८५ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ अवघे १०.८७ चौरस किलोमीटर. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत केवळ मारणे नव्हे, तर जखमी करणे आणि तसा प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच आहे. हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे इथल्या हिशेबानं न सापडलेलं हरीणही धरलं जातं."

"धरलंच पाहिजे," मी म्हणालो.

संध्याकाळी चितळांचा कळप उताराला आला. साधारण तीस पावलांवर एक मादी मान वर करून उभी राहिली. पुतण्या बराच वेळ अंतर मोजत असावा. मग हळूच म्हणाला, "दोन पात्यांचं घेतो. दगडावर रोज धार लावीन. आणि वीस यार्डांच्या पुढं बाण सोडायचा नाही."

परतीच्या वाटेवर त्याने त्या दहा फळांची नावे माझ्याकडून कागदावर लिहून घेतली, आणि कर्णिकावर काट मारली.