थरच्या वाळवंटातील जेट विमाने

गर्जना करीत आकाश चिरून जाणारे लढाऊ जेट विमान दिसले, की पाहणाऱ्याचे मन प्रथम वैमानिकाकडे धावते. परंतु राजस्थानच्या थर वाळवंटात आपल्या वायुसेनेचे जे तळ आहेत (जोधपूर, जैसलमेर, फलोदी, बाडमेरजवळचे उत्तरलाई, बिकानेरजवळचे नाल), तेथे विमान केव्हा उडेल आणि किती भार घेऊन उडेल, हे वैमानिकाच्या शौर्याआधी हवा आणि वाळू ठरवितात.

फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंश सेल्सिअसवर गेला होता. हवा तापली की प्रसरण पावते आणि विरळ होते, हे आपण विज्ञानाच्या तासाला शिकतो. दाब तोच असता, १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे एक-दशांशाने विरळ असते. एक-दशांश म्हणजे फार नव्हे, असे वाटेल. पण विमानाला ते फार जड जाते. पंखांना उचलून धरावयाची ती हीच हवा, आणि इंजिन जगते तेही हिच्यावरच. पंखांचा आधार घटतो, इंजिनाचा जोरही उणावतो. जमीन सोडण्यासाठी अधिक वेग हवा आणि तो गाठण्यासाठी धावपट्टीवर पुष्कळ अधिक अंतर धावणे आले. धावपट्टी तर काही लांबविता येत नाही! मग इंधन कमी घ्यावे, नाही तर अस्त्रे कमी घ्यावीत. इंधन कमी केले की पल्ला आखूड होतो. म्हणूनच उन्हाळ्यात सरावाची उड्डाणे शक्यतो पहाटे उरकतात. दुपारी तापलेल्या वाळूवरून हवेचे झोत वर उसळतात आणि सखल उडणारे विमान खडबडीत रस्त्यावरील बैलगाडीसारखे हादरत जाते.

वाळूचा उपद्रव याहून वेगळा. जेट इंजिन समोरून प्रचंड प्रमाणात हवा ओढून घेते. तिच्याबरोबर खडा आत गेला, तर वेगाने फिरणाऱ्या पात्यांचा चुराडा होऊ शकतो. सूक्ष्म रेती पात्यांच्या कडा घासून टाकते, आणि अतितप्त भागात हीच रेती वितळून काचेसारखी चिकटून बसते. म्हणून विमान उभे असताना त्याची तोंडे झाकून ठेवतात, धावपट्टी पुनःपुन्हा झाडतात, आणि जवान ओळीने चालत जाऊन खडे, खिळे वेचतात. ‘केर काढणे’ हे हलके काम आहे, असे मानणाऱ्यांनी हे दृश्य एकदा पाहावे.

हे काम करणारे यंत्रज्ञ व शस्त्रज्ञ यांच्याविषयी आपल्या भागातील विद्यार्थ्यांना विशेष जिव्हाळा वाटावा, कारण वायुसैनिकांच्या प्राथमिक शिक्षणाचे एक मोठे केंद्र बेळगावजवळ सांबरा येथेच आहे. येथील पावसात कवायत शिकलेला तरुण पुढे कदाचित जैसलमेरला जातो. उन्हात उभ्या राहिलेल्या विमानाच्या पत्र्याला तेथे उघड्या हाताने स्पर्श करवत नाही. हातमोजे घालून तो इंधन भरतो, अस्त्रे चढवितो, सुरक्षेच्या खिळ्या मोजून काढतो. त्याने नोंदवहीत सही केल्यानंतरच वैमानिक ती वही हाती घेतो, विमानाभोवती स्वतः एक फेरी मारतो आणि मग शिडी चढतो. काचेच्या छताखालील ती बैठक म्हणजे भट्टीच. शिवाय अंगावर घट्ट विशेष पोशाख असतो, कारण विमान वेगाने वळविताना शरीराचे वजन जणू सहापट होते. साठ किलोच्या माणसाला आपण तीनशे साठ किलोंचे झालो असे वाटते आणि रक्त मस्तकाकडून पायांकडे उतरू लागते. पोशाखातील हवेच्या पिशव्या फुगून पाय व पोट आवळतात, म्हणून शुद्ध टिकते.

वर गेल्यावर वाळवंट निराळाच डाव टाकते. ना झाड, ना घर. मग जमीन किती खाली आहे हे नजरेने ठरवावे कसे? धूळ उडाली की क्षितिजही पुसले जाते. अशा वेळी डोळ्यांवर न विसंबता उपकरणांवर विश्वास ठेवावयाचा, हे वैमानिकाला कष्टाने शिकावे लागते. फलोदीनजीक खीचन गावी हिवाळ्यात हजारो कांड्या करकोचे उतरतात. पक्षिप्रेमिकांना तो सोहळा वाटतो. वैमानिकाला मात्र पक्ष्यांचा थवा म्हणजे संकट.

परंतु लपावयास जागा न देणारी हीच भूमी १९७१ साली आपल्या बाजूने उभी राहिली. ४ डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी रणगाडे लोंगेवाला ठाण्यावर चालून आले. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या तुकडीत शंभर-सव्वाशे जवान होते. त्यांनी साहाय्य मागितले; पण जैसलमेरच्या तळावरील हंटर विमानांना रात्री हल्ला करण्याची साधने नव्हती. रात्रभर ठाण्याने तग धरावा आणि तळाने उजाडण्याची वाट पाहावी, एवढेच हाती होते. त्या रात्री तळावरील यंत्रज्ञांनी विमाने सज्ज करून ठेविली नसती, तर उजाडूनही काय उपयोग झाला असता? ५ तारखेला पहिल्या प्रकाशात हंटर विमाने झेपावली. डिसेंबरची पहाट थंड, हवा घट्ट, इंजिनांना पूर्ण जोर. उघड्या वाळूत रणगाडे व त्यांच्या लांब सावल्या स्पष्ट दिसत होत्या. लहान निरीक्षक विमानातून मेजर आत्मासिंग लक्ष्ये दाखवीत होते. सुटका करून घेण्यासाठी रणगाडे गरगर फिरून धूळ उडवू लागले. त्यांच्या पट्ट्यांनी वाळूत उमटलेली वर्तुळे विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांत आजही पाहावयास मिळतात. तीसहून अधिक रणगाडे निकामी झाले अथवा शत्रूने टाकून दिले.

याच जातीची हंटर विमाने १८ डिसेंबर १९६१ रोजी सांबऱ्याहून उडाली होती आणि त्यांनी गोव्यातील बांबोळीचे बिनतारी केंद्र बंद पाडले होते, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे. काहींना तो आवाज अजून आठवत असेल.

हंटर आता सेवेत नाहीत. जोधपूरहून मिग-२७ विमानांनी २७ डिसेंबर २०१९ रोजी निरोप घेतला, आणि उत्तरलाई येथे २०२३ साली मिग-२१ ची जागा सुखोई-३० ने घेतली. विमाने बदलली, तरी धावपट्टीवरील खडे वेचणाऱ्यांची ओळ तेथे अजूनही चालते.