अंधुक सभागृहातील खेळ आणि बेताचा कॅमेरा

मालाडमध्ये पावसाळा आला की शाळांचे मैदान चिखलात बुडते आणि शालेय क्रीडा स्पर्धा छपराखाली सरकतात. टेबल टेनिस, बॅडमिंटन, कॅरम, ज्युदो, मल्लखांब असे सारे खेळ मग शाळेच्या सभागृहात रंगतात. बाहेर आभाळ दाटलेले असते, खिडक्यांना जाळ्या असतात आणि छताला चार-सहा नळीदिवे लटकलेले असतात. मुलीचा सामना आहे म्हणून दुकान मुनिमावर सोपवून आलेला पिता फोन उंचावतो, वीस-पंचवीस छायाचित्रे टिपतो आणि घरी येऊन पाहतो, तर प्रत्येक चित्रात पांढरट धूसर रेघ! मुलगी कोणती आणि रॅकेट कोणती, हेही ओळखू येत नाही. सामना पुन्हा होणार नाही आणि ती पुन्हा अकरा वर्षांची होणार नाही.

दोष पित्याचा नाही आणि बहुधा यंत्राचाही नाही. भर दुपारचे ऊन एक लाख लक्सच्या घरात जाते. शाळेच्या सभागृहात जेमतेम दोन-तीनशे लक्स उजेड असतो. आपले डोळे या तफावतीशी सहज जुळवून घेतात, म्हणून सभागृह आपल्याला उजळ भासते. कॅमेऱ्याला मात्र रोकड मोजावी लागते.

व्यापारी कुटुंबांना हा हिशेब परका वाटू नये. प्रकाश हे भांडवल मानले, तर ते कॅमेऱ्यात तीन वाटांनी येते. भिंगाचे छिद्र जितके मोठे, तितका अधिक प्रकाश आत येतो. शटर जितका वेळ उघडे, तितकी आवक अधिक. पण तेवढ्या वेळात खेळाडू हलला तर चित्र फिसकटते. तिसरी वाट आयएसओची, म्हणजे संवेदनशीलतेची. ती उसनवारीसारखी आहे. आयएसओ वाढवला की अंधारातही चित्र उमटते, पण त्यावर वाळू भुरभुरावी तसे दाणे दिसू लागतात. ते या कर्जाचे व्याज. तरी हे व्याज परवडते. दाणे पुढे संगणकावर बरेच कमी करता येतात, आणि पोस्टकार्डाएवढ्या छपाईत ते फारसे जाणवतही नाहीत. हलल्यामुळे फिसकटलेले चित्र मात्र बुडीत खात्यातच जाते. नवखे लोक नेमके उलट करतात. दाण्यांना भिऊन आयएसओ कमी ठेवतात आणि चित्र गमावतात.

आकडे बोलके आहेत. ताशी शंभर किलोमीटर वेगाने निघालेले शटलकॉक सेकंदाच्या साठाव्या भागात सुमारे ४६ सेंटीमीटर सरकते; पाचशेव्या भागात साडेपाच सेंटीमीटरच. २०२३ मध्ये सात्विकसाईराज रंकीरेड्डी याने ताशी ५६५ किलोमीटर वेगाच्या स्मॅशचा विक्रम नोंदवला, त्याच्या मानाने शाळकरी फटका पुष्कळ मंद. तरीही बॅडमिंटनसाठी शटरचा वेग १/५०० धरावाच. कॅमेऱ्यासोबत मिळणारे भिंग लांबचे दृश्य जवळ आणताना सहसा एफ ५.६ इतकेच उघडते. अशा सभागृहात त्याला आयएसओ १६००० च्या आसपास मागावा लागतो. एफ १.८ चे ५० मिलीमीटरचे साधे भिंग त्याच वेळी जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते आणि १६०० आयएसओवर भागवते. हे भिंग नवे घेतले तरी साधारण दहा हजारांच्या आसपास येते. फोर्टमध्ये बोरा बझारच्या परिसरात जुने मिळाले तर त्याहूनही कमी. व्यावसायिक छायाचित्रकारांची एफ २.८ ची मोठी झूम भिंगे दीड-दोन लाखांच्या घरात जातात. वर्षाकाठी दोन स्पर्धांसाठी एवढी रक्कम गुंतवणे शहाणपणाचे नव्हे. फारच हौस असेल तर एका दिवसासाठी भाड्याने आणावे.

स्वस्त भिंगाची अडचण एवढीच, की ते जागेवरून झूम करत नाही. जवळ जायचे तर स्वतःच्या पायांनी जावे लागते. त्यासाठी स्पर्धेआधी क्रीडाशिक्षकांना भेटून कोर्टाच्या कडेला बसण्याची परवानगी घ्यावी. आणि खरोखरच बसावे, जमिनीवर मांडी घालून. खालून घेतलेल्या चित्रात मूल उंच आणि समर्थ दिसते, शिवाय मागच्या भिंतीवरचे सूचनाफलक चौकटीबाहेर राहतात. खिडकी मात्र खेळाडूच्या पाठीशी येऊ देऊ नये, नाहीतर चेहरा काळा पडतो. फ्लॅशचा तर विचारच नको. चेंडूवर नजर खिळलेल्या मुलाच्या डोळ्यांसमोर वीज चमकवणे हा अन्याय आहे, आणि पंच तसे करू देत नाहीत ते योग्यच.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना कोड्यात टाकते. पाठोपाठ घेतलेल्या तीन चित्रांपैकी एक उजळ, एक काळपट आणि एक हिरवट का येते? आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे जुन्या चोकचे नळीदिवे आणि काही स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्यांना ते कळत नाही. १/५०० चे शटर मात्र त्या लाटेचा एक तुकडाच उचलते. काही कॅमेऱ्यांत यावर उपाय म्हणून खास सोय असते. ती नसेल, तर खेळ जेथे थांबतो तेथे १/१०० चा वेग वापरावा, म्हणजे लाट पूर्ण पकडली जाते.

आणि खेळ थांबतो! बेताच्या साधनांनी काम करणाऱ्याची सारी भिस्त यावरच असते. टेबल टेनिसमध्ये सर्व्हिस करताना चेंडू तळहातापासून किमान १६ सेंटीमीटर वर उडवावा लागतो. वर गेलेला चेंडू शिखरावर क्षणभर स्थिर होतो आणि त्याच क्षणी खेळाडूचे डोळे त्यावर एकवटलेले असतात. बॅडमिंटनमध्ये उडी मारलेले मूल सर्वोच्च बिंदूवर असेच अधांतरी थबकते. कॅरममध्ये बोट स्ट्रायकरमागे टेकते आणि श्वास रोखला जातो. ज्याला खेळ कळतो त्याला हे क्षण आधीच दिसू लागतात, आणि तेथे महागड्या भिंगाची उणीव फारशी भासत नाही.

मल्लखांबात तर हे सर्वाधिक खरे. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभट्टदादा देवधरांनी नावारूपाला आणलेल्या या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ मध्ये आपल्या मुंबईतच, शिवाजी पार्कला झाली. मल्लखांबावरच्या झेपा वेगवान असल्या, तरी प्रत्येक आसनाच्या पूर्णत्वाला मूल काही क्षण निश्चल राहते. शरीराचा भार एका पायाच्या विळख्यावर, हात पसरलेले, नजर समोर. तेथे १/१०० चालतो, आयएसओ उतरवता येतो आणि एरंडेल माखलेल्या लाकडावर खिडकीचा उजेड सुरेख उमटतो.

ज्यांच्याकडे फक्त फोन आहे, त्यांनी बोटांनी चित्र मोठे करण्याचा मोह टाळावा. ते नुसते कातरणे असते. मुख्य भिंग वापरून जवळ जावे आणि ओळीने अनेक चित्रे टिपणारी सोय वापरावी. रात्रीच्या छायाचित्रणाची सोय अनेक चित्रे एकावर एक रचते, म्हणून ती धावत्या खेळाला निरुपयोगी. सामन्यानंतर संघ एकत्र उभा राहिला, की तिचा उपयोग करावा.

चित्रे घरी आणल्यावर निम्मे काम उरते. दोनशेतली दहा ठेवून बाकीची पुसण्याचा धीर हवा. पालकांना विचारल्याशिवाय दुसऱ्यांच्या मुलांची चित्रे सर्वत्र पाठवू नयेत, विशेषतः मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्सची. मात्र ज्या मुलांचे आईवडील कामावरून सुटून येऊ शकले नाहीत, त्यांची चित्रे आवर्जून काढावीत आणि छापून वर्गशिक्षिकेकडे द्यावीत. पहिल्याच फेरीत हरलेल्या मुलाचे चित्र सहसा कोणाकडेच नसते. तो सामना सकाळी लवकर संपतो, तेव्हा सभागृहात पालक थोडे असतात आणि पूर्वेच्या खिडकीतून उजेडही बरा येत असतो.