ज्वालामुखींचे महोद्रेक

इंडोनेशियातील सुंबावा बेटावर तांबोरा नावाचा पर्वत आहे. एप्रिल १८१५ मध्ये झालेला त्याचा उद्रेक हा लिखित इतिहासातील सर्वांत प्रचंड उद्रेकांपैकी एक होय. पर्वताचा माथा कोसळून तेथे सुमारे ६ किलोमीटर रुंदीचे विवर उरले. हजारो माणसे उद्रेकात व त्यामागून आलेल्या दुष्काळात मृत्युमुखी पडली. अनर्थ एवढ्यावर थांबला नाही. बाहेर पडलेला गंधकयुक्त वायू वातावरणाच्या वरच्या थरांत पोहोचला. तेथे गंधकाम्लाचे सूक्ष्म तुषार बनले आणि त्यांनी सूर्यप्रकाशाचा काही अंश अवकाशात परत फिरविला. परिणामी १८१६ साली पश्चिम युरोपात व अमेरिकेच्या ईशान्य भागात उन्हाळा जाणवलाच नाही. पिके बुडाली व धान्य महागले.

पर्वताच्या पोटात ही शक्ती येते कोठून? पृथ्वीच्या जन्मकाळची शिल्लक उष्णता आणि युरेनियम, थोरियम इत्यादी किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या विघटनातून निघणारी उष्णता, हे तिचे दोन मुख्य उगम होत. या उष्णतेमुळे खोलवरचा खडक काही ठिकाणी वितळून शिलारस बनतो. शिलारस घट्ट असून त्यात वायू कोंडलेला असेल, तर तांबोरासारखा स्फोट होतो. पातळ असेल, तर तो भेगांतून बाहेर पडून दूरवर वाहत जातो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारतात अशाच प्रवाहांचे थरांवर थर साचून दख्खनचा काळा कातळ तयार झाला. आजही त्याने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. अजिंठा व वेरूळ येथील लेणी याच कातळात कोरलेली आहेत.

ज्वालामुखी केवळ पृथ्वीवरच आहेत असे नाही. मंगळावरील ऑलिंपस मॉन्स हा ज्वालामुखी पर्वत सुमारे २२ किलोमीटर उंच आहे. पृथ्वीचे कवच सरकत्या खंडांचे बनलेले आहे. मंगळाचे तसे नाही. म्हणून तेथे लाव्हारस दीर्घकाळ एकाच जागी साचत राहिला.

गुरूचा उपग्रह आयो याची गोष्ट निराळी आहे. आकाराने तो चंद्राहून थोडाच मोठा. एवढा लहान गोल केव्हाच थंड व्हावयास हवा होता. परंतु मार्च १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ यानाने पाठविलेल्या छायाचित्रांत त्याच्यावर जागृत ज्वालामुखी आढळले. युरोपा व गॅनिमीड या शेजारी उपग्रहांच्या ओढीमुळे आयोची कक्षा किंचित लांबट राहते. त्यामुळे गुरूचे त्याच्यावरील आकर्षण सतत कमी-अधिक होते, आयोचे अंग पुनःपुन्हा ताणले व दाबले जाते, आणि त्या घर्षणातून उष्णता उत्पन्न होते. चंद्राच्या ओढीने समुद्रास भरती यावी, त्याच जातीची ही क्रिया होय. मात्र येथे भरती येते ती खडकाला. आयोवर आज ४०० हून अधिक जागृत ज्वालामुखी ज्ञात आहेत.

उद्रेक थांबविणे मनुष्याच्या हाती नाही; त्याची चाहूल घेणे मात्र शक्य आहे. फिलिपाइन्समधील पिनातुबो पर्वत जून १९९१ मध्ये फुटला, तेव्हा भूकंपांच्या व वायूंच्या नोंदींवरून शास्त्रज्ञांनी आधीच इशारा दिला होता. हजारो लोक वेळीच सुरक्षित स्थळी गेले आणि त्यांचे प्राण वाचले.