वैमानिक, प्रवासी विमानसेवेतील

वेळापत्रकानुसार प्रवासी वाहून नेणाऱ्या विमानाचे संचालन करण्याचा अधिकृत परवाना असलेल्या आणि विमान कंपनीच्या सेवेत असलेल्या व्यक्तीस प्रवासी विमानसेवेतील वैमानिक म्हणतात. लष्करी वैमानिक, हौशी वैमानिक किंवा शेतीवर औषधे फवारणारा वैमानिक यांच्यापेक्षा त्याच्या कामाचे स्वरूप वेगळे असते. धाडस किंवा असामान्य कौशल्य यांपेक्षा ठरावीक कृती दररोज त्याच क्रमाने व तितक्याच काळजीने करणे, हा त्या कामाचा गाभा होय. सामान्य माणसाच्या मनात वैमानिकाविषयी जी प्रतिमा असते तिचा या नित्यक्रमाशी फारसा संबंध नाही.

भारतात या व्यवसायाचा आरंभ १५ ऑक्टोबर १९३२ रोजी झाला, असे सामान्यतः मानतात. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा यांनी ‘पस मॉथ’ या लहान विमानातून कराची येथून अहमदाबादमार्गे मुंबईतील जुहूच्या धावपट्टीवर टपाल आणले. तेथून पुढे नेव्हिल व्हिंटसेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. विमानात वैमानिक एकटाच असे. रेडिओ संपर्क नसे. पुढे विमाने मोठी झाली, तशी विमानकक्षातील माणसेही वाढली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लांब पल्ल्याच्या विमानांत दोन वैमानिकांखेरीज मार्गनिर्देशक, रेडिओचालक व उड्डाण अभियंता असत. इलेक्ट्रॉनिकीच्या प्रगतीमुळे ही पदे एकामागून एक लोप पावली. १९८० नंतरच्या दशकात एअरबस ए-३१०, बोइंग ७५७ व ७६७ या विमानांबरोबर विमानकक्षात दोघांनीच काम करण्याची पद्धत रूढ झाली. या दोघांपैकी विमानप्रमुखाला ‘कॅप्टन’ आणि दुसऱ्याला ‘फर्स्ट ऑफिसर’ म्हणतात. गणवेशावरील चार व तीन पट्ट्या आणि ही नावे जहाजांवरून आलेली आहेत. अमेरिकेतील पॅन ॲम कंपनीने आपल्या जलविमानांच्या सेवेसाठी नाविकांसारखा गणवेश स्वीकारला आणि इतर कंपन्यांनी तोच कित्ता गिरविला.

परवाना : भारतात परवाने देण्याचे काम नागरी विमानन महानिदेशालय करते. व्यावसायिक परवान्यासाठी किमान वय १८ वर्षे व उड्डाणाचा अनुभव २०० तास लागतो. विमानप्रमुखाला आवश्यक असलेल्या वाहतूक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान वय २१ वर्षे व अनुभव १,५०० तास लागतो. महाराष्ट्रात बारामती, गोंदिया, धुळे येथे प्रशिक्षणाच्या सोयी आहेत. केवळ परवाना मिळाल्याने प्रवासी विमान चालविता येत नाही. प्रत्येक विमानप्रकारासाठी स्वतंत्र पात्रता मिळवावी लागते, त्यामुळे बोइंग ७३७ चालविणाऱ्यास नवीन प्रशिक्षणाशिवाय एअरबस ए-३२० च्या सुकाणूवर बसता येत नाही. इंग्रजी संभाषणाच्या पात्रतेचीही परीक्षा असते. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ सौदी व कझाक विमानांची हवेत टक्कर होऊन ३४९ जण मृत्युमुखी पडले. या व अशा इतर अपघातांनंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमानन संघटनेने भाषिक पात्रतेचे नियम कडक केले.

सोबतचे साहित्य : वैमानिकाची ओळख बनलेली काळी, चौकोनी, जड चामडी पेटी आता जवळजवळ दिसेनाशी झाली आहे. तीत विमानतळांचे व मार्गांचे नकाशे, विमानाची माहितीपुस्तके आणि कोष्टके असत. या नकाशांचा उगम एल्रे जेपसन या अमेरिकन टपाल-वैमानिकाच्या खिशातील वहीत आहे. धावपट्ट्यांची लांबी, आसपासच्या टेकड्यांची उंची, दिव्यांच्या जागा इ. गोष्टी तो १९३० पासून स्वतःसाठी टिपून ठेवी. सहकाऱ्यांकडून मागणी वाढल्यावर त्याने १९३४ मध्ये त्या टिपणांच्या प्रती प्रत्येकी १० डॉलरना विकण्यास सुरुवात केली. पुढे जगभरच्या विमानकक्षांत त्याच्या नावाचे नकाशे पोहोचले. जुनी पाने काढून सुधारित पाने घालणे हे काम वैमानिकाला घरी बसून करावे लागे आणि ते कोणालाच आवडत नसे. आता ही सर्व माहिती हातात मावणाऱ्या टॅब्लेट संगणकात असते. अमेरिकन एअरलाइन्सने २०१३ मध्ये कागदी पेटी पूर्णपणे बंद केली तेव्हा तिचे वजन सु. १६ किग्रॅ. होते.

तरीही वैमानिकाची पिशवी रिकामी नसते. परवाना, वैद्यकीय प्रमाणपत्र, ओळखपत्र व पारपत्र, संभाषणाचा हेडसेट, विमानाची बाह्य तपासणी करण्यासाठी विजेरी व चकाकणारे जाकीट या वस्तू तीत असतात. ज्याला चष्मा आवश्यक आहे त्याला दुसरा चष्मा हाताशी ठेवणे बंधनकारक असते. उन्हाचा चष्मा ध्रुवीकारक काचांचा चालत नाही, कारण त्यातून काही दर्शकपट्ट्या काळ्या दिसतात.

कामाचा दिवस : वैमानिकाचा दिवस उड्डाणाच्या सु. एक तास आधी सुरू होतो. भारतात उड्डाणापूर्वी श्वासाची मद्यचाचणी होते. उड्डाणापूर्वीच्या १२ तासांत मद्यपान निषिद्ध आहे. त्यानंतर दोघे वैमानिक हवामानाचे अहवाल, मार्गावरील व विमानतळांवरील सूचना आणि विमानातील नोंदलेले दोष पाहतात व इंधन ठरवितात. मार्गावर खर्च होणारे इंधन, त्याच्या ठरावीक प्रमाणात आकस्मिक साठा, उतरता न आल्यास पर्यायी विमानतळापर्यंत जाण्यासाठी लागणारे इंधन आणि तेथे ३० मिनिटे घिरट्या घालण्यापुरते राखीव इंधन, अशी त्याची रीत आहे. अधिक इंधन घेतल्यास विमान जड होऊन खर्च वाढतो, म्हणून कंपनीचा कल कमी घेण्याकडे असतो. तथापि शेवटचा निर्णय विमानप्रमुखाचा असतो. पावसाळ्यात मुंबईला येताना अनुभवी विमानप्रमुख जादा इंधन मागतो, यात नवल नाही.

यानंतर एक वैमानिक विमानाभोवती फिरून चाके, पंख, एंजिनांची तोंडे व वेगमापक नळ्या पाहतो. दुसरा विमानकक्षात मार्ग व वजन संगणकात भरतो. दोघे मिळून निर्णयवेग काढतात. धावपट्टीवर धावताना या वेगापर्यंत काही बिघडल्यास विमान थांबविता येते. तो ओलांडल्यावर उड्डाणच करावे लागते. प्रत्येक टप्प्यावर तपासणीसूची मोठ्याने वाचली जाते. या सूचीची परंपरा ३० ऑक्टोबर १९३५ च्या एका अपघातापासून सुरू होते. अमेरिकेत राइट फील्ड येथे बोइंगच्या नवीन बाँबफेकी विमानाची चाचणी चालू असताना, वाऱ्यामुळे सुकाणूचे पृष्ठभाग हलू नयेत म्हणून लावलेली कुलुपे काढावयाची राहिली व विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. वैमानिक अननुभवी मुळीच नव्हता. विमान आता केवळ स्मरणशक्तीवर विसंबून चालविण्याजोगे राहिलेले नाही, हा त्यातून घेतलेला बोध होता.

उड्डाणात एक वैमानिक विमान चालवितो व दुसरा उपकरणांवर लक्ष ठेवून रेडिओवर बोलतो. पुढच्या फेरीत ही कामे बहुधा बदलली जातात. सु. ३,०५० मी. उंचीखाली कामाव्यतिरिक्त बोलणे वर्ज्य असते. हा नियम अमेरिकेत १९८१ मध्ये झाला. सप्टेंबर १९७४ मध्ये शार्लट येथे उतरताना कोसळलेल्या विमानाचे वैमानिक राजकारण व जुन्या मोटारी यांविषयी गप्पा मारत होते, असे ध्वनिमुद्रणावरून आढळले होते. उंचावर स्थिर झाल्यावर विमानाचे दैनंदिन नियंत्रण स्वयंचलित यंत्रणा करते. वैमानिक इंधनाचा हिशोब व पुढील हवामान पाहतो, नियंत्रकांच्या सूचना पाळतो. एकाच अन्नामुळे दोघेही आजारी पडू नयेत म्हणून दोघांना वेगवेगळे जेवण देण्याचा अनेक कंपन्यांचा प्रघात आहे. उत्तर भारतातील दाट धुक्यात दिल्लीला स्वयंचलित अवतरण करावे लागते. त्यासाठी विमान, धावपट्टी व वैमानिक या तिघांचीही स्वतंत्र पात्रता लागते [→ विमानतळ]. उतरल्यावर दोषांची नोंद विमानाच्या वहीत करून, बऱ्याचदा अर्ध्यापाऊण तासात, तेच विमान घेऊन पुढची फेरी सुरू होते. देशांतर्गत सेवेत एका दिवसात अशा तीनचार फेऱ्या होतात.

विश्रांती व थकवा : या व्यवसायातील सर्वांत अवघड प्रश्न यंत्राचा नसून झोपेचा आहे. पहाटे २ ते ६ या वेळात मनुष्याची जागरूकता नैसर्गिक रीत्याच सर्वांत कमी असते आणि सवयीने ती वाढत नाही. लागोपाठच्या रात्रपाळ्या, पहाटेची हजेरी, परगावच्या निवासातील अपुरी झोप व कालविभाग ओलांडणे यांमुळे थकवा साचत जातो. थकलेल्या माणसाला आपण थकलो आहोत याची नीट जाणीव राहत नाही, ही यातील खरी धोक्याची बाब होय. दीर्घ उड्डाणांत तीन किंवा चार वैमानिक असतात व ते आळीपाळीने झोपतात. दोनच वैमानिक असताना एकाने आसनावर अल्प निद्रा घेण्याबाबत देशोदेशींचे नियम भिन्न आहेत. झोपेतून उठल्यानंतर काही मिनिटे बुद्धी मंद असते, हे ध्यानात घेऊन अशी निद्रा आखावी लागते. २२ मे २०१० रोजी मंगळूर येथे एअर इंडिया एक्सप्रेसच्या विमानाला झालेल्या अपघातात १५८ जण मृत्यू पावले. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीत असे दिसून आले की, दुबईहून निघालेल्या त्या विमानाचा विमानप्रमुख उड्डाणातील बराच वेळ झोपलेला होता आणि उतरताना सहवैमानिकाने सुचवूनही त्याने वेळीच पुन्हा वर जाण्याचा निर्णय घेतला नाही.

कामाच्या तासांवर मर्यादा असतात. भारतात उड्डाणाचे तास वर्षात १,००० पेक्षा अधिक असू नयेत, असा नियम आहे. हा आकडा कचेरीतील तासांच्या तुलनेत लहान वाटतो, पण त्यात जमिनीवरील तयारी, दोन फेऱ्यांमधील वेळ व घराबाहेरच्या रात्री धरलेल्या नाहीत. महानिदेशालयाने जानेवारी २०२४ मध्ये साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास केली, रात्रीची व्याख्या पहाटे ५ ऐवजी ६ पर्यंत वाढविली व रात्रपाळीतील अवतरणांची संख्या दोनवर आणली. कंपन्यांनी अधिक वैमानिक लागतील या कारणाने विरोध केला व नियमांची अंमलबजावणी लांबली. २०२५ मध्ये ते टप्प्याटप्प्याने लागू झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये देशातील सर्वांत मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि तिला काही नियमांतून तात्पुरती सूट द्यावी लागली. जवळजवळ दोन वर्षांची पूर्वसूचना असताना हे घडले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

परीक्षा : वकील किंवा स्थापत्यविशारद एकदा पात्र ठरला की सहसा आयुष्यभर पात्र राहतो, वैमानिकाला आपली पात्रता पुनःपुन्हा सिद्ध करावी लागते. आंतरराष्ट्रीय नियमानुसार वर्षातून दोनदा त्याची प्रावीण्य-परीक्षा होते. शिवाय एक परीक्षक नेहमीच्या फेरीत विमानकक्षात बसून त्याचे काम पाहतो. ९० दिवसांत तीन उड्डाणे व तीन अवतरणे झाली नसल्यास प्रवासी नेता येत नाहीत.

प्रावीण्य-परीक्षा सिम्युलेटरमध्ये होते. त्याचा पूर्वज एडविन लिंक या अमेरिकन तरुणाने १९२९ मध्ये बनविला. त्याच्या वडिलांचा ऑर्गन व पियानो यांचा कारखाना होता आणि त्या पहिल्या यंत्राला हालचाल देणारे भातेही ऑर्गनचेच होते. आजचा सिम्युलेटर म्हणजे सहा चलनशील पायांवर उभी असलेली विमानकक्षाची हुबेहूब प्रतिकृती होय. साधारणतः चार तासांच्या सत्रात दोघांची परीक्षा होते. निर्णयवेग ओलांडताच एंजिन बंद पडणे, आग, केबिनमधील दाब अचानक नाहीसा होणे, धावपट्टी धुक्यात न दिसल्याने पुन्हा वर जाणे, एकाच एंजिनावर उतरणे हे प्रसंग ओळीने उभे केले जातात. बहुतेक वैमानिकांच्या वाट्याला यांपैकी बहुतेक प्रसंग प्रत्यक्षात कधीच येत नाहीत. परंतु आल्यास विचाराला वेळ नसतो. अनुत्तीर्ण वैमानिकाला पुन्हा प्रशिक्षण घेऊन उत्तीर्ण होईपर्यंत उड्डाण करता येत नाही. त्यामुळे वीस हजार तास उड्डाण केलेला विमानप्रमुखही परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडून बसतो.

पूर्वी ही परीक्षा केवळ हाताच्या कौशल्याची असे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ येथे दोन जंबो विमानांची धावपट्टीवर टक्कर होऊन ५८३ जण मरण पावले. डिसेंबर १९७८ मध्ये पोर्टलंड येथे चाकांच्या बिघाडात गुंतलेल्या विमानप्रमुखाने सहकाऱ्यांच्या इशाऱ्यांकडे पुरेसे लक्ष न दिल्याने विमानातील इंधन संपले. ज्येष्ठाचा शब्द अंतिम मानण्याची रीत येथे घातक ठरली. १९८१ पासून अमेरिकेतील युनायटेड कंपनीने विमानकक्षातील सहकार्याचे शिक्षण सुरू केले आणि ते पुढे सर्वत्र अनिवार्य झाले. कनिष्ठाने शंका स्पष्ट बोलून दाखविली का आणि ज्येष्ठाने ती ऐकली का, हेही आता परीक्षक पाहतो. जेथे वयाचा व पदाचा मान ठेवण्याचे संस्कार दृढ आहेत, तेथे हे शिकविणे एंजिन बंद पडल्यावर काय करावे हे शिकविण्यापेक्षा कठीण जाते.

वैद्यकीय तपासणी वर्षातून एकदा व साठीनंतर दर सहा महिन्यांनी होते. प्रमाणपत्र गेले की उपजीविका जाते, म्हणून आजार, विशेषतः मानसिक आजार, लपविण्याकडे कल असतो. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने आजार लपवून १५० जणांसह विमान आल्प्स पर्वतात मुद्दाम आदळविले. त्यानंतर यूरोपात वैमानिकांना सहव्यावसायिकांमार्फत गोपनीय मदत देण्याची व्यवस्था सक्तीची झाली.

स्त्रियांचा या व्यवसायातील प्रवेश भारतात लवकर झाला. प्रेम माथुर यांनी डेक्कन एअरवेजमध्ये आणि दुर्बा बॅनर्जी यांनी इंडियन एअरलाइन्समध्ये सुरुवातीच्या काळात हे काम केले. १९८५ मध्ये सौदामिनी देशमुख यांच्या नेतृत्वाखाली कलकत्ता ते सिल्चर या मार्गावर सर्व कर्मचारी स्त्रिया असलेले विमान नेण्यात आले. भारतातील स्त्री वैमानिकांचे प्रमाण आज सु. १५ टक्के असून ते जागतिक प्रमाणाच्या कितीतरी पुढे आहे.

आंतरराष्ट्रीय सेवेत निवृत्तीची वयोमर्यादा २००६ पासून ६० ऐवजी ६५ वर्षे झाली आहे. त्यानंतर अनेक वैमानिक सिम्युलेटरवर प्रशिक्षक म्हणून काम करतात.