अर्धवट राहिलेली शर्यत आणि कोरं पान : फॅन फिक्शन म्हणजे काय?



"सर, तुम्ही रविवारी संध्याकाळी मोबाईल घेऊन गच्चीवर काय करता?" हा प्रश्न मला गावात बऱ्याच जणांनी विचारून झाला आहे. उत्तर साधं आहे. खाली घरात रेंज येत नाही आणि मला गाड्यांची शर्यत बघायची असते. फॉर्म्युला वन. क्रिकेटवेड्या वाशिम जिल्ह्यात असा नाद असलेला माणूस जरा वेगळाच वाटतो. त्यात भर म्हणजे शर्यत संपल्यावर मी तिच्यावर गोष्टी लिहितो. घडलेल्या नाही, घडू शकल्या असत्या अशा. या प्रकाराला फॅन फिक्शन म्हणतात, म्हणजे चाहत्याने आपल्या आवडीच्या पात्रांवर किंवा खेळावर लिहिलेली कल्पित गोष्ट. आज त्याबद्दल लिहितोय, कारण निबंधाच्या तासाला या नादाचा मला जेवढा उपयोग झाला तेवढा कुठल्या प्रशिक्षणाचा झाला नाही.

माझी सुरुवात कशी झाली ते आधी सांगतो.

तारीख २ नोव्हेंबर २००८, रविवार. मी तेव्हा डी.एड.ला होतो, वसतिगृहात राहायचो. ब्राझीलमध्ये साओ पावलोला मोसमातली शेवटची शर्यत होती. आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू झाली. हॉलमधल्या टीव्हीचा आवाज बंद करून आम्ही चार-पाच जण बसलो होतो. जगज्जेता कोण, हे त्याच रात्री ठरणार होतं. लुईस हॅमिल्टनचे ९४ गुण, फेलिपे मासाचे ८७. मासा ब्राझीलचाच, म्हणजे घरच्या मैदानावर. तेव्हा पहिल्याला १० गुण मिळायचे, पाचव्याला ४ आणि सहाव्याला ३. मासा पहिला आला तर त्याचे ९७. हॅमिल्टन पाचवा आला तर त्याचे ९८. पण सहावा आला तर दोघांचेही ९७, आणि मग ज्याने जास्त शर्यती जिंकल्या तो जगज्जेता, म्हणजे मासा. (हे गणित मी आजही चौथी-पाचवीला देतो. मुलं गुणांची बेरीज इतक्या आवडीने करताना मी दुसऱ्या कुठल्या उदाहरणात पाहिली नाहीत.)

शर्यत ७१ फेऱ्यांची. शेवटी शेवटी पाऊस सुरू झाला. मासा सगळ्यात पुढे. दोन-तीन फेऱ्या उरल्या आणि सबास्टियन व्हेटेलने हॅमिल्टनला मागे टाकलं. हॅमिल्टन सहावा! आणि लाईट गेली.

तेव्हाचं भारनियमन ज्यांनी भोगलं त्यांना वेगळं सांगायला नको. आम्ही अंधारात बसून भांडलो. मग मी टॉर्च घेतला आणि पाठटाचणाच्या वहीच्या मागच्या पानांवर शर्यतीचा शेवट स्वतःच लिहून काढला. सहा पानं झाली. माझ्या गोष्टीत मासा जगज्जेता झाला, पावसात त्याचा बाप नाचला, वगैरे. सोमवारच्या पेपरात काहीच नव्हतं, कारण पेपर आदल्या रात्री लवकर छापून निघालेला. मंगळवारी खरं काय ते कळलं. टिमो ग्लॉक नावाच्या ड्रायव्हरने पावसातही कोरड्या रस्त्याचे टायर ठेवले होते. शेवटच्या फेरीत त्याची गाडी घसरायला लागली आणि अगदी शेवटच्या वळणांवर हॅमिल्टन त्याच्या पुढे गेला. पाचवा. एका गुणाने जगज्जेता. पुढे कळलं की मासाने रेषा ओलांडल्यावर हॅमिल्टनला रेषेवर यायला सुमारे ३९ सेकंद लागले, आणि तेवढा वेळ मासाच्या घरच्यांनी खरंच जल्लोष केला होता. म्हणजे माझी गोष्ट जवळपास अर्धा मिनिट खरी होती.

तेव्हापासून ही सवय लागली. युरोपातली शर्यत आपल्याकडे बहुतेक संध्याकाळी साडेसहाला असते, जपानची सकाळी, आणि अमेरिकेकडची बरेचदा मध्यरात्रीनंतर. तसं झालं की सोमवारी परिपाठाला डोळे लाल. लिहायला वेळ मिळतो तो पहाटे किंवा जेवण झाल्यावर. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाईन माहिती आणि मतदार यादीची कामं यांतून उरला तर. बायको म्हणते, "एवढं वाचून ठेवणार कोण?" बरोबर आहे तिचं. आतापर्यंत तीन वह्या भरल्या आणि वाचणारे दोघंच.

हा प्रकार परदेशातून आलेला आहे असं समजू नका. नाव नवीन आहे, काम जुनं आहे. इंग्रजीत आर्थर कॉनन डॉयलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला मारलं तेव्हा वाचक चिडले, आणि पुढे लेखकाला त्याला परत आणावं लागलं. पण त्याच्या कितीतरी आधीचं उदाहरण आपल्या वाशिमचंच आहे. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा राजा सर्वसेन याने चौथ्या शतकात 'हरिविजय' नावाचं प्राकृत काव्य लिहिलं. विषय काय? सत्यभामेसाठी कृष्णाने स्वर्गातून पारिजात आणला, तो प्रसंग. कृष्ण त्याचा नाही, सत्यभामा त्याची नाही, गोष्टही आधीचीच. पण त्याने ती आपल्या पद्धतीने पुन्हा सांगितली. ते काव्य आता पूर्ण मिळत नाही, दुसऱ्या ग्रंथांत उतरवलेले त्याचे तुकडेच तेवढे उरले आहेत. जात्यावर बसून सीतेचा वनवास आपल्या सासुरवासासारखा गाणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांनी दुसरं काय केलं? शिवाजी सावंतांनी १९६७ मध्ये 'मृत्युंजय'मध्ये कर्णाला बोलतं केलं तेही याच जातीचं काम. फरक एवढाच की ते मोठे लेखक होते, आणि फॅन फिक्शन लिहिणारा साधा चाहता असतो. तो ते विकत नाही.

आता महत्त्वाचा मुद्दा. मनात येईल ते लिहिलं की फॅन फिक्शन झालं असं नाही. मी माझ्यापुरता एक नियम केला आहे : एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं जसं होतं तसंच ठेवायचं.

हा नियम मी ठेच लागून शिकलो. नारायण कार्तिकेयन हा फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय. २००५ मध्ये तो जॉर्डन संघाकडून गाडी चालवायचा. त्या वर्षी १९ जूनला अमेरिकेत इंडियानापोलिसला एक विचित्र शर्यत झाली. मिशेलिन कंपनीचे टायर तिथल्या एका वेगवान, तिरक्या वळणावर टिकत नव्हते, म्हणून ते टायर वापरणाऱ्या १४ गाड्या सुरुवातीच्या फेरीनंतर सरळ आत निघून गेल्या. शर्यत लावली फक्त ६ गाड्यांनी. नारायण चौथा आला आणि त्याला ५ गुण मिळाले. तिसरा आला त्याचाच सहकारी टियागो मोंटेइरो. मला वाटलं, एवढंच बदलू. नारायणला तिसरा आणू, भारतीय माणूस पोडियमवर उभा करू. लिहायला बसलो. गोष्टीत नारायण मध्येच थांबतो, नवे टायर लावतो आणि मोंटेइरोला गाठतो. चांगली चार पानं झाली. नंतर नियम वाचताना लक्षात आलं की २००५ च्या मोसमात शर्यतीच्या मधे टायर बदलायला परवानगीच नव्हती! पंक्चर वगैरे सोडलं तर एकाच संचावर पूर्ण शर्यत काढावी लागायची. मिशेलिनवाले अडकले त्याचं एक कारण हेच होतं. म्हणजे माझ्या नारायणला मी नवे टायर दिले तर ते मिशेलिनवाल्यांनाही द्यावे लागतील, मग सगळ्या २० गाड्या धावतील आणि माझा नारायण तिसरा काय, दहावाही येणार नाही. पानं फाडली.

इतिहासाच्या पुस्तकाने मला कार्यकारणभाव शिकवला नसेल तेवढा त्या फाडलेल्या चार पानांनी शिकवला.

दुसरं पथ्य माणसांचं. शर्यतीतली माणसं पात्रं नाहीत, जिवंत माणसं आहेत. त्यांच्या घरात, बायका-मुलांत आपण घुसायचं नाही. त्यांच्या तोंडी घातलेलं वाक्य खरं म्हणून पुढे पाठवायचं नाही. गोष्टीच्या डोक्यावर 'ही कल्पित गोष्ट आहे' असं लिहायचंच. व्हॉट्सअपवर काय काय फिरतं ते आपण बघतोच. आणि मरणाचं काय? १९९४ मध्ये इटलीतल्या इमोलाला ३० एप्रिलला रोलंड रॅट्झनबर्गर गेला आणि दुसऱ्याच दिवशी, १ मे ला, आयर्टन सेना. सेनाच्या गाडीत गुंडाळलेला ऑस्ट्रियाचा झेंडा सापडला. रॅट्झनबर्गर ऑस्ट्रियाचा होता, शर्यत झाल्यावर सेना तो झेंडा त्याच्यासाठी फडकवणार होता. या प्रसंगात सेना वाचतो असं मी दोनदा लिहून पाहिलं. जमलं नाही, आणि बरंही वाटलं नाही. शेवटी फक्त झेंड्याचं एक पान ठेवलं. ते मी अजून कुणाला दाखवलेलं नाही.

मुलांना हे शिकवताना वेगाबद्दल बोलावंच लागतं. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो, तिथे कारलाही १२० ची मर्यादा आहे आणि दुचाकीला तर बंदीच. तरी मोठी पोरं गावच्या रस्त्यावर बाईक कशी पळवतात ते मुलं बघतात. मी त्यांना २०२० ची बहरीनची शर्यत सांगतो. रोमाँ ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसली, तुटली, पेटली, आणि सुमारे २८ सेकंदांनी तो आगीतून बाहेर आला. डोक्याभोवतीची धातूची कमान, जिला हॅलो म्हणतात, आग न लागणारे कपडे, धावत आलेले डॉक्टर, एवढं सगळं होतं म्हणून. आपल्या रस्त्यावर यातलं काय असतं, हे पोरांनीच सांगायचं. शेवटी एक मुलगी म्हणाली, "गड्डे असतात सर."

आता ज्या मुलासाठी हा लेख लिहायला घेतला त्याच्याकडे येतो. पाचवीला होता. नाव सांगत नाही. तोंडी गणित चांगलं, पण लिहायचं म्हटलं की पेन्सिलला टोक करायला घ्यायचा आणि तास संपेपर्यंत टोकच करत बसायचा. 'माझा आवडता खेळ' या निबंधात बहुतेकांनी गाईडमधलं क्रिकेट उतरवलं. याचं पान कोरं.

"मले क्रिकेट नाही आवडत," म्हणाला.

मग काय आवडतं? बराच वेळ गप्प. मग हळूच, "आबाची जोडी."

शंकरपट आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. बैलजोडी, हलका छकडा, वर धुरकरी, आणि सेकंदाच्या बारीक हिशोबावर निकाल. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटात तर बायकाही धुरकरी म्हणून उतरतात. (मोटारीतही आता उतरतात. पुण्याच्या डायना पंडोले, दोन मुलांच्या आई, २०२४ मध्ये राष्ट्रीय कार शर्यतीचं विजेतेपद मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या.) सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये ती कायम झाली. बंदी का आली, बैलांचे हाल कसे व्हायचे, हेही मी वर्गात सांगतो. दोन्ही बाजू सांगतो. पण मधल्या सात वर्षांत पटाच्या बैलाला पोसणं कुणाला परवडणार? याच्या आबांनी जोडी विकली तेव्हा हा पाळण्यात होता. म्हणजे ज्या बैलाचा तो चाहता होता, तो त्याने पाहिलेलाच नव्हता!

मी म्हटलं, त्याचीच गोष्ट लिही. चार दिवसांनी दीड पान आणलं. बंदी उठते, सर्जा तळेगावच्या पटात पळतो आणि पहिला येतो. मी फक्त विचारलं, "तेव्हा सर्जाचं वय किती असेल?" तो घरी जाऊन विचारून आला. विकला तेव्हा सहा दाती होता. आम्ही फळ्यावर मांडलं. सहा दाती म्हणजे धरा चार वर्षं. विकून झाली सात. बेरीज त्यानेच केली आणि त्याचं तोंड उतरलं.

"अकरा वर्साचा बैल पटात पळत नाही, सर."

मग एकच गोष्ट बदलायची ठरली. सर्जा विकलाच नाही. नव्या गोष्टीत तो गोठ्यातच म्हातारा होतो. पटाच्या दिवशी आबा त्याला नुसतं बघायला घेऊन जातात. पळते ती दुसऱ्याचीच जोडी. हलगी वाजते आणि सर्जा कान टवकारतो. तीन पानं भरली होती. शुद्धलेखनाच्या चुका मोजल्या नाहीत.

"सर, पण हे खोटं हाय ना? मंग मार्क कटतीन काय?"

"वर लिही, ही माझ्या मनातली गोष्ट आहे. मग ते खोटं होत नाही."

पुढच्या आठवड्यात त्याचे आबा शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर सही करायला शाळेत आले. घरच्यांकडून मला कळलं होतं की जोडी विकल्यापासून त्यांनी पटाचं नाव काढलं नव्हतं, कुठल्या पटाला गेलेही नव्हते. मी पोराला वही घेऊन बोलावलं. व्हरांड्यात आबा सतरंजीवर बसले, पोराने उभ्याने पूर्ण गोष्ट वाचली. आबा काहीच बोलले नाहीत. सही केली, टोपी नीट केली, उठले. मग वळून म्हणाले, "मास्तर, बाकी सगळं बराबर हाय. पण सर्जाचं डाव्या अंगाचं शिंग मोडेल व्हतं. यानं उजवं लिवलं."

पोरगा तिथंच खाली बसला आणि त्यानं खोडरबर काढलं.