गोळ्या चालू, हिमोग्लोबिन तिथेच
पोटातलं ओठावर : लेखांक ९

मागच्या आठवड्यात आपण आतड्यांच्या क्षयापाशी थांबलो. क्षयाची औषधं पूर्ण घेऊनही ज्यांचं वजन भरत नाही, त्यांच्यातल्या काहींना मुळात क्षय नसतोच. त्यांना असतो सीलिअ‍ॅक. गव्हातल्या ग्लूटेनवर शरीराची प्रतिकारयंत्रणा भडकते आणि स्वतःच्याच लहान आतड्याचं अस्तर झिजवते. या विकाराचं निदान व्हायला इतकी वर्षं का लागतात, एवढंच आज पाहू.

अशा रुग्णाची फाइल एकदा पहिल्या पानापासून उलटावी. मी सांगतो आहे ती कुणा एकीची नाही. असंख्य फायलींत हाच क्रम थोड्याफार फरकाने सापडतो. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिला नंबर, कारण उंची कमी. त्यावर जंतांचं औषध. सारखं तोंड येतं म्हणून बी-कॉम्प्लेक्स. पाळी उशिरा आली, तर ‘आमच्याकडे सगळ्यांना उशिराच येते’. हिमोग्लोबिन आठ, म्हणून लोहाच्या गोळ्या. गोळ्यांनी हललं नाही म्हणून सिरप. मग सलाइनमधून लोह. पोट फुगतं, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ, म्हणजे आयबीएस (संवेदनशील आतडं), ‘टेन्शन घेऊ नका’. लग्नानंतर एकदा-दोनदा गर्भपात. पस्तिशीत हाडांची घनता साठीच्या बाईसारखी. प्रत्येक कागदावर वेगळ्या डॉक्टरची सही आणि सुटा घेतला तर प्रत्येक कागद बरोबरच. फक्त सगळी फाइल एकदम कुणी वाचलेली नसते.

यातला सगळ्यात बोलका कागद लोहाचा. अन्नातलं लोह मुख्यत्वे शोषलं जातं ते जठर संपल्या संपल्या सुरू होणाऱ्या आतड्याच्या पहिल्या भागात, म्हणजे ड्युओडेनममध्ये. सीलिअ‍ॅकचा मारही सर्वांत जास्त तिथेच बसतो. तिथल्या व्हिलाय, म्हणजे अन्नरस टिपून घेणारे बोटांसारखे बारीक उंचवटे, झिजून सपाट होतात. पुढचं आतडं बऱ्यापैकी शाबूत असल्याने जुलाब होतीलच असं नाही. माणूस चालतो-फिरतो, नोकरी करतो, फक्त जिना चढताना धापा टाकतो. तोंडावाटे दिलेल्या गोळ्या त्याच बिघडलेल्या दारातून आत जायच्या असतात, मग हिमोग्लोबिन हलणार कसं?

इथे मला एक गोष्ट खटकते. पुरुषाचं हिमोग्लोबिन आठ आलं की रक्त कुठे जातंय याचा शोध लगेच सुरू होतो. बाईचं आठ आलं तर ‘पाळीत जात असेल’, ‘खाण्यापिण्याची हेळसांड’ अशी उत्तरं तयारच असतात. आपल्याकडे बायकांमधला रक्तक्षय इतका सरसकट आहे की त्याचं कारण विचारायचं असतं, हेच विसरायला झालंय.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेतल्या प्रौढ रुग्णांच्या 2001 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, पहिल्या तक्रारीपासून निदानापर्यंत सरासरी 11 वर्षं गेलेली दिसली. भारतात त्यात आणखी भर पडते. क्षय, जिआर्डिया या परजीवीचा संसर्ग आणि ट्रॉपिकल स्प्रू हा आतड्याचा विकार, यांची लक्षणं अशीच असतात आणि डॉक्टरांच्या मनात ती नावं आधी येतात. त्यात हा ‘पंजाबकडचा आजार’ अशी समजूत. ती सगळीच निराधार नाही. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रक्तात सीलिअ‍ॅकच्या अँटीबॉडीज, म्हणजे प्रतिपिंड, असणाऱ्यांचं प्रमाण उत्तर भारतात 1.23 टक्के, ईशान्येत 0.87 आणि दक्षिणेत 0.10 टक्के आढळलं. या आजाराला लागणारी जनुकं मात्र तिन्हीकडे साधारण सारख्याच लोकांत, तिघांतल्या एकात, होती. फरक गव्हाच्या खाण्यात होता, आणि त्यानेही कोडं पुरतं उलगडत नाही, कारण ईशान्येत गहू फारच कमी खातात. या तीन भागांत महाराष्ट्र येत नाही. पण दोन पिढ्यांपूर्वी ज्या घरांत भाकरी हेच जेवण होतं आणि पोळी सणाला, तिथे आता डब्यात रोज पोळी असते. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांत तर ती केव्हापासूनच आहे.

आहाराशी संबंध आहे हे कळलं होतं फार आधी. सॅम्युअल गी या लंडनच्या डॉक्टरांनी 1887 साली लहान मुलांच्या रुग्णालयात या आजारावर व्याख्यान दिलं. या मुलांना बरं करायचं तर ते आहारानेच, हे त्यांनी ठामपणे सांगितलं. एक मूल रोज हॉलंडच्या उत्तम शिंपल्यांवर छान वाढलं, हंगाम संपताच पुन्हा खालावलं आणि पुढच्या वर्षी शिंपल्यांना तोंड लावेना, हेही त्यांनी नोंदवलं. आता त्यांचं पथ्य पाहा. भात आणि साबुदाणा वर्ज्य, पातळ कापून दोन्ही बाजूंनी नीट भाजलेला पाव चालेल! नेमकं उलटं. हसण्याआधी आपल्या घरात डोकावावं. पोट बिघडलं की चहा-टोस्ट आपणही देतोच, अशक्त मुलाला गव्हाचं सत्त्व भरवतो आणि वर दुधात माल्टची पावडर घालतो. माल्ट बार्लीचं असतं आणि बार्लीसुद्धा या रुग्णाला चालत नाही.

गव्हापर्यंत पोचले ते हेगचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके. त्यांना 1930च्या दशकातच शंका आली होती. 1944-45च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, पाव मिळेना, तेव्हा इतर मुलं खंगली आणि या आजाराची मुलं तगली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. 1950 साली त्यांनी प्रबंधात हे मांडलं.

आता रक्ताची साधी तपासणी आहे, टीटीजी-आयजीए. मग अडतं कुठे? अडतं ते बहुतेकदा तपासणीआधीच. कुणीतरी सांगतं, ‘गहू सोडून बघ.’ हल्ली हे सांगणारे मोबाइलवर पैशाला पासरी आहेत. तीन-चार महिने गहू सोडला, बरं वाटलं, आणि मग तपासणी केली. ती निगेटिव्ह येऊ शकते, कारण ज्या प्रतिपिंडांना ती शोधते ते, ग्लूटेन पोटात जात असेल तरच तयार होत राहतात. मग डॉक्टर म्हणतात, सहा-आठ आठवडे रोज पोळी खा आणि परत या. बरं वाटू लागलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे शिक्षाच. पुष्कळजण परत येत नाहीत. ना धड निदान, ना धड पथ्य, असे अधांतरी राहतात. म्हणून क्रम पाळावा : आधी तपासणी, मग पथ्य.

दुसरी खोच आयजीएची. या रुग्णांतल्या शंभरात दोन-तीन जणांच्या शरीरात आयजीए हे प्रथिनच फार कमी बनतं. त्यांची टीटीजी-आयजीए निगेटिव्हच येणार. सोबत एकूण आयजीए मोजलं तर हे लगेच कळतं.

रक्ततपासणीनंतर खात्री करायला एंडोस्कोपीत ड्युओडेनमचे तुकडे घेतात. झीज सलग असेलच असं नाही, ती ठिकठिकाणी असू शकते. म्हणून निदान चार तुकडे, शिवाय सुरुवातीच्या फुगीर भागातले एक-दोन हवेत. एकाच तुकड्यावर भागवलं तर नेमका चांगला भाग हाती लागायचा. उलट, सपाट झालेल्या व्हिलाय ट्रॉपिकल स्प्रूमध्येही दिसतात. त्यामुळे रक्ताचा आणि तुकड्यांचा अहवाल शेजारी ठेवूनच निर्णय होतो. लहान मुलांत मात्र टीटीजी नॉर्मलच्या कमाल मर्यादेच्या दहापट किंवा जास्त आणि दुसऱ्या नमुन्यात ईएमए ही प्रतिपिंडांची वेगळी तपासणीही पॉझिटिव्ह असेल, तर 2020च्या युरोपीय शिफारशींनुसार तुकडा न घेताही निदान करता येतं.

निदान झालं की भावंडं, आईवडील आणि मुलं यांचीही रक्ततपासणी करून घ्यावी, काही त्रास नसला तरी. जवळच्या रक्ताच्या नात्यात हा आजार दहा-बारांमागे एकाला निघतो.

पुढच्या आठवड्यात पथ्य : गव्हाचं पीठ मिसळलेला डबीतला हिंग, आणि गव्हामागून ज्वारी दळणारी गिरणी.